पडद्यामागचं उजवं

१

उमाजीला ही गोष्ट सांगायची नव्हती. इतकी वर्षं सांगितली नाही, तर आताच काय अडलं होतं? पण भाची हट्टाला पेटली. रजनी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून, बस बदलत तारनाक्याला त्याच्या घरी यायची, चहा स्वतःच करून घ्यायची आणि समोर बसून राहायची.

"मामा, माझ्या बापाचं काय झालं ते तुम्हालाच ठाऊक आहे. सांगा सरळ."

जसं काही हा म्हातारा तिच्या बापाला खिशात घालून बसलाय!

"सरळ सांगण्यासारखं असतं," उमाजी खेकसला, "तर तुझ्या आईला त्याच दिवशी नसतं सांगितलं? आणि तू लिहून घेणार, मग त्यात तुझी अक्कल घालणार. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. मला जे दिसलं तेवढंच माझं."

"तेवढंच सांगा."

आतल्या खोलीत तिच्या पोरानं टीव्ही लावला होता. भीतीचा सिनेमा. बोळ, अंधार, आणि कोणीतरी हळूहळू चालत येतंय अशी ती चाल. उमाजी त्या खोलीत जात नाही. कुठंही बसायचं तर तो आधी भिंत शोधतो, आणि तिला पाठ लावून मगच बसतो. लोक म्हणतात, कंबर गेली म्हाताऱ्याची. म्हणोत. कंबर चांगली आहे.

२

तेव्हा उमाजी सिकंदराबादेत एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. टॉकीजचं नाव सांगून उपयोग नाही, आता तिथं साड्यांचं दुकान आहे. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं, पण हैदराबाद संस्थान अजून निजामाचंच. रस्त्यात रझाकारांच्या कवायती, स्टेशनवर झडत्या, आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडायची सोय नाही. त्यामुळं टॉकीजचे खेळही दुपारचेच व्हायचे. हाताखालचा माणूस घाबरून गावी पळाला, तेव्हापासून केबिनमध्ये उमाजी एकटाच.

अशात एका सकाळी त्याची धाकटी बहीण जयवंता नवऱ्याला घेऊन मागच्या दारात उभी राहिली. नवरा अंबाजी. नांदेडकडचा शेतकरी गडी, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. गावातल्या पोरांना घेऊन त्यानं निजामाला दारूचा पैसा देणारी सरकारी शिंदीची झाडं तोडली होती आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका पेटवला होता. आता पोलीस आणि रझाकार दोघंही त्याच्या मागावर होते. जयवंताला दिवस गेलेले.

"दादा, मी सासूकडं परत जाते. ह्यांना तू ठेव. मी न्यायला येईन तेव्हा मला हे असेच्या असे पाहिजेत."

"मी काय ह्यांचं लोणचं घालू?" उमाजी म्हणाला. पण 'हो' म्हणाला. सख्ख्या बहिणीला शब्द दिला.

जागा एकच होती. तळमजल्यावरून लाकडी दादर वर यायचा. दादर चढून आलं की डाव्या हाताला केबिन. उजव्या हाताला भिंतीच्या कडेकडेनं जाणारा अरुंद माळा, आणि तो थेट पडद्याच्या मागं उतरायचा. तिथं आवाजाचा मोठा भोंगा, जुन्या पोस्टरांचे गठ्ठे आणि घुशी. बाहेर उघडणारं एक दार होतं, त्याला आतून लोखंडी अडसर.

उमाजीनं अंबाजीला गठ्ठ्यावर बसवलं, आपला जुना सदरा दिला आणि बजावलं.

"दाजी, खेळ चालू असताना हलायचं नाही. पडद्याला बारीक भोकं असतात, मागं काही हललं तर पुढच्यांना शंका येते. पब्लिक ओरडेल, शिट्या मारेल, तुमचं नाव घेऊन हाक आली तरी वळायचं नाही. काहीही झालं तरी मागं वळायचं नाही. कळलं?"

"कळलं की पाव्हणं. फुकट सिनेमा, वरून जेवण. जन्मात असा पाहुणचार झाला नाही."

३

त्या आठवड्यात मुंबईहून खुनाचा सिनेमा आला. मोठी हवेली, म्हातारा जमीनदार, त्याचा तरणा पुतण्या, एक मुनीम. एकेक जण मरतो. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे खुनी दिसतच नाही. कॅमेराच खुनी होतो. पडदे बाजूला होतात, बोळ पुढं पुढं येतो, कोणाची तरी पाठ जवळ येत जाते. ज्याची पाठ दिसते त्याला पत्ता नसतो.

उमाजीनं असे सिनेमे ढीगभर चालवले होते. त्याला त्यातली मेख माहीत होती. दाराच्या मागं काय आहे याला कोणी भीत नाही. कॅमेरा दारापाशी किती वेळ थांबतो, त्याला माणूस भितो. बाजा थांबला की समजावं आता काही नाही, आणि सगळं निवांत झालं, बाईनं दिवा मालवला, की समजावं आता आहे. आणि पाठ दिसली की खालची पब्लिक उभी राहून बोंबलते.

"पीछू देख रे! अरे पीछू देख!"

पडद्यावरच्या माणसाला का ऐकू जातंय? पण रोज बोंबलायचे. पैसे त्याचेच द्यायचे.

सकाळी भाकरी घेऊन उमाजी मागं गेला, की अंबाजी सिनेमावर बोलायचा. दुसरं काय होतं त्याला!

"पाव्हणं, ती बाई डावखुरी आहे का हो? डाव्या हातानं कुंकू लावते."

उमाजी पोट धरून हसला. "अहो दाजी, तुम्ही मागून बघताय. पडद्याच्या मागून सगळं उलटं दिसतं. डावं ते उजवं."

"असं होय! तरीच म्हटलं नावं वाचता का येत नाहीत. मला वाटलं मुंबईची भाषा आहे."

आणखी एका सकाळी तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एक विचारू? तो बोळ येतो ना, नुसती पावलं वाजतात, कोणी दिसत नाही. ती नजर कोणाची?"

"मुनीमाची. शेवटी खुनी तोच निघतो."

"पण मुनीम तर तेव्हा आगगाडीत असतो. पुढं दाखवलंय की. म्हातारा मेलेला आहे. पुतण्या झोपलेला. मग बोळातून चालतंय कोण?"

उमाजीनं कधी विचार केला नव्हता. "सिनेमावाल्यांची चूक असेल. चहा प्या, निवतोय."

४

रीळ कधी वाढत नाही, एवढं उमाजीला पक्कं माहीत होतं.

फिल्म तुटते. तुटली की फाटका तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकं चिकटवायची. त्या चिकटवायच्या औषधाला पिकल्या केळ्याचा वास येतो. प्रत्येक जोडाला रीळ थोडं तोकडं होतं. गावोगाव फिरून आलेल्या सिनेमात माणूस दाराकडं निघतो आणि एकदम रस्त्यावर असतो, ते त्यामुळंच. रीळ झिजतं. वाढायला ते काय दुधी भोपळा आहे?

केबिनमध्ये मशिनी दोन. एकीवर रीळ संपत आलं की दुसरीवर पुढचं चढवून तयार ठेवायचं, मशिनीच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या बदलायच्या, आणि वेळेवर बदली करायची. एकट्यानं सगळं करायचं तर डोळे मशिनीवर पाहिजेत. म्हणून उमाजी कानानं काम करायचा. बोळाच्या सीननंतर हवेलीतलं घड्याळ टोले द्यायचं. पहिला टोला पडला की खटका ओढायचा. बदली झाली.

एका दुपारी त्यानं पुढचं रीळ चढवलं, कांड्या बदलल्या, खटक्यावर हात ठेवला. टोला पडेना.

नुसती पावलं वाजत होती. टक, टक, टक. दगडी फरशीवर. मग टोले पडले.

आपणच आज घाई केली असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी रमतगमत काम केलं. तरी हात खटक्यावर, आणि पावलं चालूच. खेळ संपल्यावर त्यानं ते रीळ हातात घेतलं. आलं तेव्हा फिल्म चकतीच्या काठाच्या आत, बोटभर खाली होती. आता ती काठाला लागली होती.

तिसऱ्या दिवशी पावलांचा आवाज बदलला. फरशी संपली आणि लाकूड सुरू झालं.

उमाजीनं मशीन सोडून केबिनच्या भिंतीतल्या झरोक्याला डोळा लावला. पडद्यावर बोळ संपून दादर लागला होता. लाकडी. एका पायरीची कड तुटलेली होती. खाली मस्तानभाई दरवान बसायचा, त्याच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी जी भिंत लाल झाली होती, तसलीच भिंत बाजूला होती. सिनेमा काळा-पांढरा, लाल दिसायचं कारण नव्हतं. काळे डागच होते. पण डाग तेच होते.

मग टोले पडले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार लावून ते रीळ हातानं उलगडलं. दिव्यासमोर धरून चित्रन् चित्र पाहिलं. बोळ, बोळ, बोळ, आणि घड्याळ. दादर नव्हताच कुठं. तरी त्यानं कात्री घेतली आणि बोळाचा सगळा तुकडा कापला. टोकं चिकटवली. कापलेला तुकडा डब्यात घालून डबा कुलपात ठेवला.

दुपारी टोला जिथं पडायला हवा तिथं पडला नाही. पावलं वाजली. फरशी, मग लाकूड. मग ती तुटक्या कडेची पायरी करकरली. ती करकर उमाजी रोज ऐकायचा. त्याचाच पाय पडून ती करकरायची.

डबा कुलपातच होता, तुकडा डब्यात.

आपण झरोक्यातून बघितलं म्हणून ते पुढं सरकलं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. येडपटासारखं वाटतं ना? वाटू दे. एकट्या माणसाला बंद केबिनमध्ये कार्बनच्या धुरात काय वाटतं, ते कुकटपल्लीच्या पंख्याखाली बसून नाही कळायचं. पब्लिक बघते ती दिलेल्या पैशापुरती. पण ती चाल, ती पायरी ओळखणारा एकटा उमाजी होता. ओळख दिली की घरात येणारी माणसं असतात, तसं काहीतरी. त्यानं ठरवलं, आता झरोक्याकडं जायचं नाही.

मस्तानभाईला त्यानं आडून विचारलं, "बोळाचा सीन कसा वाटतो, मस्तानभाई?"

"कैसा क्या? डराता. कित्ता लंबा रखे रे बाबा. वो सीढ़ी देखकू अपनी टाकीज याद आती."

"तुलाबी?"

"सब सीढ़ियाँ एकीच जैसी रैते, उमाजी. तेरेकू क्या हुआ? मुँह उतर गया."

मस्तानभाईला पडद्यामागच्या माणसाबद्दल ठाऊक होतं. माणूस नेक. त्याचा एक टांगेवाला सोयरा होता. शुक्रवारी सगळे नमाजला गेले की टांग्यात बायकांचा पडदा लावून दाजींना गावाबाहेर बोलारमच्या बाजूला काढायचं, असं त्यानंच सुचवलं होतं. त्याआधी बाहेर पाऊल टाकणं म्हणजे मरण. टॉकीजच्या समोरच रझाकारांनी खाटा टाकल्या होत्या. उमाजीला फक्त शुक्रवार गाठायचा होता.

६

गुरुवारी सकाळी अंबाजी हसला नाही.

"पाव्हणं, ते दादर चढून वर आलंय."

"तुम्ही बघता कशाला? डोळे मिटून बसत जा."

"डोळे मिटले तर पावलं जास्त जवळ वाजतात." त्यानं भाकरी तशीच ठेवली. "काल वरच्या पायरीवर येऊन थांबलं. मग वळलं."

"कुठं वळलं?"

"उजवीकडं."

उजवीकडं माळा. मग त्याच्या ध्यानात आलं. माणूस पडद्याच्या मागून बघतोय. त्याचं उजवं म्हणजे पुढचं डावं. डावीकडं केबिन.

लाज वाटावी असं हलकं वाटलं त्याला. येतंय ते आपल्याकडं येतंय. जयवंताच्या माणसाकडं नाही. ठीक आहे. आपलं बघून घेऊ.

"भिऊ नका दाजी," तो म्हणाला. "तुमच्याकडं नाही ते. उद्या तुम्ही बोलारमला."

अंबाजीनं तोंड उघडलं. काहीतरी विचारायचं होतं त्याला. पण खाली दाराशी मस्तानभाई खोकला, म्हणजे कोणीतरी येत होतं, आणि उमाजी घाईनं माळ्यावरून परत फिरला. माळ्याच्या मधोमध त्याला आपल्या पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटलं. तिथं खिडकी नव्हती. तो वळला नाही.

७

दुपारी गर्दी होती. उमाजीनं केबिनची कडी आतून लावली, वर कुलूप घातलं. ते रीळ सुरू झालं तसं त्यानं पुढचं रीळ चढवलं, कांड्या बदलल्या, आणि झरोक्याकडं पाठ करून दाराकडं तोंड करून उभा राहिला. एक हात मागं खटक्यावर. दुसऱ्या हातात लोखंडी चिमटा.

फरशी. लाकूड. करकर.

पावलं वर आली आणि थांबली. बाजा थांबलेला. खाली खुर्ची वाजत नव्हती की पोर रडत नव्हतं. उमाजी दाराच्या फटीकडं बघत होता. फटीतून उजेडाची एक रेघ येत होती. ती तशीच होती. आता तुटेल, आता तुटेल, म्हणून तो बघत राहिला.

पावलं पुन्हा सुरू झाली. पण जवळ येईनात. आवाज भोंग्यातून येत होता, पडद्याकडून. तरी त्याला कळलं की ती लांब चाललीत. अरुंद जागेत चालल्यासारखी, एकापुढं एक. पोकळ फळ्यांवरून.

माळा.

आणि तेव्हा, हातात चिमटा धरून उभं असताना, उमाजीला कुंकू लावणारी बाई आठवली. डावं ते उजवं, हे अंबाजीला कोणी शिकवलं होतं? त्यानंच. शिकलेला माणूस बोलताना सुधारूनच बोलणार की! अंबाजीनं मनात उलटं करून, पुढून दिसतं तसं सांगितलं होतं: उजवीकडं. आणि उमाजीनं ते पुन्हा उलटवलं.

खाली पब्लिक उठली.

"पीछू देख! अरे पीछू देख रे!"

उमाजी वळला आणि झरोक्याला डोळा लावला.

पडद्यावर पाठ होती. एक माणूस गठ्ठ्यावर बसलेला. त्याच्या पुढं उजळलेलं मोठं कापड, आणि त्या कापडावर काहीतरी हलत होतं, बारीक, कोणाची तरी पाठच असावी. अंगात सदरा. सदऱ्याच्या खांद्याला ठिगळ. ते ठिगळ उमाजीचं होतं, जयवंतानं लग्नाआधी लावलेलं, वेड्यावाकड्या टाक्यांचं.

पाठ जवळ येत होती.

"पीछू देख! पीछू!" सगळं टॉकीज एका आवाजात ओरडत होतं. ते भलं करत होते. रोज करायचे तसंच.

"वळू नका!" उमाजी झरोक्यातून ओरडला. "दाजी, वळू नका!" दोन मशिनींच्या घरघरीत त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

माणसाची मान हलली. कान दिसला. गालाची कड दिसली, त्यावर पडद्याचा उजेड. तो वळत होता. आणखी एवढंसं वळला असता तर त्याचं तोंड दिसलं असतं, आणि त्याला काय दिसलं तेही त्या तोंडावर दिसलं असतं.

पहिला टोला पडला.

उमाजीच्या हातानं खटका ओढला. उमाजीनं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं, हातानं.

पडद्यावर सकाळ झाली. पुतण्या जांभई देत होता, झाडावर पाखरं होती. पब्लिक हसली आणि खाली बसली.

८

कुलूप उघडायला त्याला फार वेळ लागला. माळ्यावरून तो धावत गेला.

पडद्यामागं कोणी नव्हतं. बाहेरच्या दाराचा अडसर आतून घातलेला, गंजलेला, जिथल्या तिथं. गठ्ठ्यावर बसल्याचा खळगा होता, आणि हात लावला तर ऊबदार. सकाळची भाकरी तशीच होती. अंबाजीच्या चपला गठ्ठ्यापुढं असायच्या, पडद्याकडं तोंड करून. आता त्या गठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला होत्या. टाचा पडद्याकडं, अंगठे माळ्याकडं. कोणी उठून, वळून, त्यांत नीट पाय घालून उभं राहावं तशा.

मस्तानभाई वर आला. त्यानं रिकामी जागा बघितली आणि टोपी काढली.

"मस्तानभाई, आता पडद्यावर पाठ कोणाची होती?"

"हीरो की होंगी."

"हीरो होता? बघितलंस तू?"

मस्तानभाईनं विचार केला. "पीठ थी, उमाजी. पीठ देखकू कौन पैचानता?"

त्या रात्री उमाजी तिथंच, पडद्यामागच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिला. सकाळी रीळ बघितलं. फिल्म चकतीच्या काठाच्या आत होती, बोटभर खाली. आली होती तशी, कापल्यापुरती तोकडी. आणि बोळाचा तुकडा कापलेला, तिथं जोड, जोडाला केळ्याचा वास.

थोड्याच दिवसांत फौजा आल्या. निजामानं शरणागती पत्करली, समोरच्या खाटा रातोरात गेल्या. सिकंदराबादेत लोक गुलाल उधळत नाचले. त्या गुलालातून जयवंता आली. पोट पुढं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात नवऱ्यासाठी नवा सदरा.

"दादा, माझा माणूस?"

तिला काय सांगायचं? दार आतून बंद होतं हे सांगितलं. खुणा नाहीत हे सांगितलं. मस्तानभाईनं कुराणाची शपथ घेतली. ती शांतपणे म्हणाली, "विकलंस तू त्यांना." त्यानंतर भाऊबीजेला ओवाळणं नाही, दारात येणं नाही. पोर झाली ते गावच्या माणसाकडून कळलं.

"आणि ती पोर आता समोर बसून विचारतेय," उमाजी रजनीला म्हणाला. "झालं समाधान? लिही आता. आणि हे टीव्हीवालं बंद करायला सांग तुझ्या पोराला."

रजनीचं लिहिणं कधीच थांबलं होतं. टीव्हीतली पावलं मात्र वाजत होती. वही मिटून ती म्हणाली, "आई थकलीय, मामा. परवा म्हणत होती, दादाला बोलले ते चुकलं असेल का? तिला घेऊन येऊ? माफी मागेल ती तुमची."

"तिनं कशाची मागायची?" उमाजी भडकला. "तिचा नवरा गेला. ती शिव्या देईल नाही तर काय करेल? तिला आण. खुशाल आण, जेवायलाच आण. तिच्याकडं माझं काही येणं नाही."

त्यानं पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. भिंत गार होती. कधी कधी, दुपारच्या वेळी, ती एकाच जागी ऊबदार लागते, खांद्यामागं, ठिगळाएवढी. आणि भिंतीपलीकडून कोणीतरी मोठ्यानं हसायच्या बेतात असल्यासारखा श्वास येतो. तेव्हा उमाजी समोर बघत राहतो. वळत नाही.

"मी बजावलं होतं," तो म्हणाला. "काहीही झालं तरी मागं वळायचं नाही. सगळं गाव ओरडलं म्हणून काय झालं? एक दिवस, रजनी, एकच दिवस राहिला होता. त्यानं माझी बहीण तोडली. त्याला माफी मागायची असेल तर मागू दे, मी नाही म्हणत नाही. पण समोरून यावं. असं मागून नाही. समोरून यावं त्यानं, तोंड दाखवावं, आणि मग मागावी माफी. अंबाजीनं."